कशासाठी काढताय? असंच!

परवा एका मोठ्या दुकानात बादल्या बघून थांबलो. प्लॅस्टिकच्या साध्या बादल्या, लाल पिवळ्या निळ्या, एकात एक घालून पार वरपर्यंत रचलेल्या आणि वरच्या ट्यूबचा उजेड त्यांच्यातून असा काही झिरपत होता की अख्खी उतरंड आतून पेटल्यासारखी दिसत होती. कॅमेरा गळ्यात होताच (बायकोच्या भाषेत "तुझं लोढणं"), उचलला, दोन काढले, तिसऱ्यासाठी जरा वाकलो आणि मागून आवाज, "ओ सर! ओ सर! फोटो नाही काढायचा!"

सिक्युरिटीचा माणूस. मी म्हटलं का हो? तर म्हणे अलाऊड नाहीये. मी म्हटलं कुठं लिहिलंय? हे विचारायचं नसतं, इतक्या वर्षांत एवढं तरी मला कळायला हवं होतं, कारण "कुठं लिहिलंय" म्हटलं की विषय फोटोचा राहत नाही, त्याच्या मानाचा होतो. त्यानं लगेच वॉकीटॉकी तोंडाला लावला. आता गंमत अशी की पलीकडच्या रॅकपाशी एक माणूस व्हिडिओ कॉलवर घरी एकेक टॉवेल उलगडून दाखवत होता, "हा का तो?" चाललेलं, आणि आरशासमोर दोन मुली सेल्फी काढत होत्या. मी नुसतं बोट दाखवलं. गार्ड म्हणाला, "ते मोबाईल आहे सर. हा कॅमेरा आहे."

म्हणजे हरकत फोटोला नाहीच, लेन्सच्या जाडीला आहे!

मग मॅनेजर आले. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही काही नाही, फक्त तो एकच प्रश्न विचारला ज्याची मला शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखी धडकी भरते. "कशासाठी काढताय?"

"असंच."

हे एवढं खरं उत्तर आहे आणि एवढं संशयास्पद उत्तर आहे की विचारू नका. पेपरासाठी, प्रोजेक्टसाठी, घरी दाखवायला, काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. "असंच" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, हा लपवतोय काहीतरी. बादल्यांचा फोटो असंच कोण काढतं? आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्या जागी असतो तर मलाही पटलं नसतं.

दुकानवाल्यांची बाजू मला आता पाठ आहे. दुकान सगळ्यांसाठी उघडं असलं तरी जागा मालकाची, त्यामुळे आत काय करायचं काय नाही हे तो ठरवणार, आणि बाहेर जा म्हटल्यावर तुम्ही अडून बसलात तर चूक तुमची. समोरच्या दुकानाची माणसं येऊन किमती आणि मांडणी टिपून नेतात हेही खरं आहे, चोरीआधी पाहणी करून जाणारे असतात, आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना आपण कुणाच्या फोटोत आलेलं नको असतं. सगळं मान्य. पण "नका काढू" म्हणणं वेगळं आणि "द्या इकडे कॅमेरा" म्हणणं वेगळं. कॅमेरा हिसकावून घ्यायचा किंवा जबरदस्तीनं फोटो पुसायला लावायचा अधिकार दुकानाच्या गार्डला नसतो. इंग्लंडमध्ये तर दहशतवादाच्या संशयावरून झडती चालू असतानासुद्धा पोलिसांनी डिजिटल फोटो डिलीट करायचे नाहीत, फिल्म नष्ट करायची नाही असं लंडन पोलिसांच्या स्वतःच्या सूचनांमध्ये आहे. मी हे मॅनेजरना सांगितलं का? छे. गपचूप डिलीट केले दोन्ही. भांडून जिंकण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि मला खरं तर मोजे घ्यायचे होते.

पण हे "असंच" कधीकधी फार महागात पडतं. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीसमध्ये कालामाता इथल्या हवाई तळापाशी १२ ब्रिटिश आणि २ डच माणसांना पकडलं. ही मंडळी प्लेनस्पॉटर, म्हणजे विमानं बघायची, त्यांचे नंबर वहीत टिपायचे, हाच छंद. कशासाठी? असंच! हा असा छंद असू शकतो हे तिथल्या लोकांच्या डोक्यात काही केल्या शिरेना. हेरगिरीचा आरोप, पाचेक आठवडे तुरुंग, मग एप्रिल २००२ मध्ये शिक्षा, आठ जणांना तीन वर्षं आणि बाकीच्यांना मदत केली म्हणून एक वर्ष. नोव्हेंबरात अपिलात सगळे सुटले, पण ते वर्ष गेलं ते गेलंच. लष्करी तळाजवळ वही काढून बसू नये हे कबूल, तरी मला त्या लोकांबद्दल फार आपुलकी वाटते. छंद समजावून सांगता येत नाही हो. ज्याला नाही त्याला तो वेडेपणाच वाटतो, आणि वेडेपणावर विश्वास ठेवण्यापेक्षा कटावर विश्वास ठेवणं सोपं जातं.

लंडनमध्येही एक काळ असा होता. २००० सालच्या तिथल्या दहशतवादविरोधी कायद्यात कलम ४४ होतं, त्याखाली ठरवून दिलेल्या भागात पोलीस काहीही संशय नसताना कुणालाही थांबवून झडती घेऊ शकत, आणि "ठरवून दिलेला भाग" म्हणजे काय तर अख्खं लंडन, वर्षानुवर्षं, परवानगी संपली की पुन्हा नवी. कॅमेरेवाले त्यात आपोआप सापडायचे कारण फूटपाथवर उभं राहून इमारतीकडे टक लावून बघणारे आमच्याशिवाय असतात कोण. २००३ मध्ये शस्त्रास्त्र प्रदर्शनाबाहेर अडवलेले दोघं, एक विद्यार्थी आणि एक पत्रकार, हे प्रकरण थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयात घेऊन गेले. त्यातल्या पत्रकार बाईंनी प्रेस कार्ड दाखवूनही पोलिसांनी त्यांना शूटिंग बंद करायला लावलं होतं. जानेवारी २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, त्याच महिन्यात ट्रॅफल्गर चौकात फोटोग्राफर जमले, "मी फोटोग्राफर आहे, दहशतवादी नाही" असे फलक घेऊन, आणि त्या उन्हाळ्यात सरकारनं ते कलम वापरणं थांबवलं. एवढं सगळं व्हायला सात वर्षं.

तर हे झालं अधिकाराचं. यात मी कायम कॅमेरेवाल्यांच्या बाजूनं, डोळे मिटून.

पण मला अडवणारे काय फक्त गार्ड आणि पोलीस नाहीत ना. आणि जो प्रसंग मला अजून टोचतो त्यात वर्दीवालं कुणीच नव्हतं.

बागेतला बाक, संध्याकाळ, एक वयस्कर गृहस्थ एकटेच बसलेले, चष्मा कपाळावर, हातात दुमडलेला कागद, आणि चेहऱ्यावर ते मावळतीचं ऊन. मी लांबून काढला. सुंदर आला. त्यांनी बघितलं, हातानं खूण करून बोलावलं, मी गेलो.

"माझा काढलास?"

"हो काका."

"का रे?"

आणि मी सवयीनं म्हणून गेलो, "असंच."

ते दोन क्षण गप्प राहिले मग म्हणाले, "असंच काढलायस ना, मग असंच पुसून टाक."

आवाजात राग नव्हता. मी त्यांच्यासमोर पुसला. सॉरी म्हटलं, त्यांनी मान हलवली आणि पुन्हा त्या कागदाकडे बघायला लागले. कागदात काय होतं देव जाणे.

घरी येताना डोक्यात तेच. मॅनेजरचा "कशासाठी" आणि काकांचा "का रे" हे ऐकायला एकच प्रश्न वाटतात पण नाहीत. मॅनेजरला माझा हेतू हवा होता. काका विचारत होते की बागेत एवढी माणसं असताना मीच का. आणि त्या प्रश्नाला "असंच" हे उत्तर नाहीच, खोटंही आहे, कारण मी त्यांना निवडलं होतं. ते एकटे दिसत होते म्हणून निवडलं होतं. हे तोंडावर कसं सांगणार?

आमच्यातले बरेच जण लगेच म्हणतात, अहो डोक्यावर वीस सीसीटीव्ही आहेत त्यांना कुणी विचारत नाही आणि आम्हालाच बरं विचारतात. मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. सीसीटीव्ही सगळ्यांकडे सारखाच आंधळेपणानं बघतो, तो कुणाला निवडत नाही. कॅमेरा उचललेला माणूस निवडतो, तेच तर त्याचं कौशल्य, आणि नेमकं तेच समोरच्याला खुपतं.

हे काही आजचंही नाही. १८८८ मध्ये कोडॅकचा डबा-कॅमेरा आला, बटण दाबलं की झालं, आणि दोनच वर्षांत वॉरन आणि ब्रँडाइस हे अमेरिकन वकील हार्वर्डच्या कायद्याच्या नियतकालिकात लिहीत होते की या झटपट फोटोंनी आणि पेपरांनी घराच्या आतपर्यंत शिरकाव केलाय, माणसाला एकटं राहू देण्याचा हक्क असला पाहिजे. जर्मनीतली गोष्ट तर भयंकर आहे. १८९८ मध्ये बिस्मार्क वारला त्या रात्री दोन फोटोग्राफर त्याच्या खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढला. कोर्टात गेल्यावर लक्षात आलं की दुसऱ्याच्या घरात घुसणं हा गुन्हा आहे पण माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा हक्क आहे असं सांगणारा कायदाच नाही! मग १९०७ मध्ये तो केला, ज्याचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय फोटो प्रसिद्ध करायचा नाही, गर्दीत किंवा देखाव्यात ओघानं आलेली माणसं वगैरे अपवाद सोडून. अजून लागू आहे तो.

आणि दोन खटले आहेत जे मी कुणी या विषयावर फार ठामपणे बोलायला लागलं की काढतो. पहिला कॅनडातल्या क्वेबेकचा. सतरा वर्षांची मुलगी एका इमारतीच्या पायरीवर बसलेली, रस्त्यावरून कुणीतरी फोटो काढला, एका छोट्या कलाविषयक मासिकात छापून आला. मासिकाच्या प्रती खपल्या ७२२. त्यातली एक तिच्या वर्गात पोचली, मुलं हसली. १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं तिची बाजू घेतली, भरपाई २,००० डॉलर. दुसरा न्यूयॉर्कचा. फिलिप-लॉर्का डिकॉर्शिया हा नामांकित फोटोग्राफर, यानं टाइम्स स्क्वेअरमध्ये फ्लॅश लपवून लावला आणि लांबून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यातले एक धर्मानं ज्यू आजोबा, त्यांच्या श्रद्धेत असा फोटो बसत नव्हता, त्यांना कळलं तोवर फोटो गॅलरीत लागून हजारो डॉलरला विकला गेलेला. ते कोर्टात गेले आणि २००६ मध्ये हरले, कारण कोर्ट म्हणालं ही कला आहे. दोन्ही ठिकाणांत एका दिवसाच्या ड्रायव्हिंगचं अंतर, फोटो रस्त्यावरचेच, निकाल उलटे. आता सांगा कुणाचं बरोबर? मला विचाराल तर मुलीचाही निकाल बरोबर वाटतो आणि फोटोग्राफरचाही, आणि हे दोन्ही एकदम वाटू नये हे मला कळतंय.

लपवण्याचा मोह सगळ्यांना होतो. मोठमोठ्यांना झालाय. वॉकर इव्हान्स हा अमेरिकन फोटोग्राफर १९३८ ते ४१ न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या बटणांमधून लेन्स काढून समोरच्या सीटवरचे चेहरे टिपत बसायचा, पण पुस्तक मात्र १९६६ मध्ये काढलं, पंचवीस वर्षं तसंच ठेवून. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी टेप लावायचा. मी स्वतः दोन महिने कमरेवरून, न बघता काढायचा प्रयोग केला. सगळ्यात वाईट फोटो तेव्हाचे. लोकांचे गुडघे, पिशव्या, आणि प्रत्येक वेळी छातीत धडधड. उघड काढताना जी कधी झाली नाही.

माझी एक मैत्रीण माझ्याचसारखा कॅमेरा, तीच लेन्स घेऊन त्याच रस्त्यांवर फिरते. तिला लोक म्हणतात "अय्या छान, आमचा पण काढा ना". मला म्हणतात "ओ". एकटा पुरुष, हातात कॅमेरा, हे चित्रच लोकांना आवडत नाही, आणि त्याला कारणं आहेत, ती काही लोकांनी स्वप्नात पाहिलेली नाहीत. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाईलमध्ये कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही तो उगाच नाही, चोरून काढणाऱ्यांमुळेच कंपन्यांनी तो तसा ठेवला. लहान मुलं खेळत असली की मी कॅमेरा बॅगेत टाकतो, चेनसकट. तिथं हक्क वगैरे काही बोलायचं नाही मला.

बाकी आता काय करतो? आधी जरा वेळ उभा राहतो, लोकांना मी दिसलो पाहिजे. कुणी बघितलं तर हसतो, स्क्रीन दाखवतो, नको म्हणाले तर पुसतो, वाद नाही. ट्रायपॉड नेणं सोडलं, तीन पाय दिसले की कुठलाही गार्ड अर्धा किलोमीटरवरून येतो. आणि "असंच" ऐवजी काय काढतोय ते सांगतो. "त्या भिंतीवर ऊन बघा कसं पडलंय." निम्मे लोक वळून ऊन बघतात. उरलेले निम्मे माझ्याकडे जास्तच संशयानं बघतात.

एक कबुली राहिली. कार्डावरून डिलीट केलेला फोटो त्यावर नवं काही लिहिलं जात नाही तोवर सॉफ्टवेअरनं परत मिळवता येतो. काकांच्या फोटोनंतर त्या रात्री मी ते सॉफ्टवेअर उघडलं होतं. छोट्या छोट्या चौकटी यायला लागल्या, त्यांची आली तशी मी बंद केलं, आणि कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालून छताचे भरभर फोटो काढत बसलो, ते भरेपर्यंत. बायको दारात उभी राहून म्हणाली हे काय नवीन?

बादल्यांचं म्हणाल तर मॅनेजरसमोर दोन पुसले पण घरी आल्यावर कळलं की तिसरा राहिलाय. "ओ सर" ऐकून दचकलो तेव्हा बोट दाबलं गेलं असणार. पूर्ण हललेला आहे, लाल पिवळे निळे नुसते ओघळ, आणि उजव्या कोपऱ्यात गार्डचा पुढे आलेला हात. तो ठेवलाय मी.