गव्हाला बंदी असलेली चक्की : आमची वाटचाल

बाबांनी नागपूरच्या मानेवाडा भागात चक्की टाकली तेव्हा लोकांच्या डब्यांत गव्हाइतकीच ज्वारी असायची. मी बसायला लागलो तोवर ज्वारी पार मागे पडली होती. तरी एक ताई नेमानं ज्वारी आणायच्या आणि बजावायच्या, "भाऊ, गव्हानंतर नका दळू." त्यांच्या मुलीला सिलिॲक होता. गव्हातलं, जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. खाल्लेलं अंगी लागत नाही, उंची खुंटते, रक्त कमी होतं. उपाय एकच, ग्लूटेन जन्मभर बंद.

ताईंना सकाळचा पहिला नंबर द्यायचो. पण चक्की आतून कशी असते ते चक्कीवाल्यालाच ठाऊक. जात्याला टाकी लावलेली असते, म्हणजे दगडावर खाचा पाडलेल्या असतात, त्या खाचांत पीठ दाबून बसतं. पीठ पडतं त्या कापडी बाहीत, पट्ट्यावर, माझ्या भुवयांवरसुद्धा गहूच. नियमाप्रमाणे ग्लूटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. कणकेचा अंदाजे दहावा हिस्सा ग्लूटेन धरला, तर किलोभर ज्वारीच्या पिठात जेमतेम पाव ग्रॅम कणिक मिसळली की हद्द संपली. ते झाडू मारून सांभाळता येत नाही.

म्हणून दुसऱ्या गल्लीत वेगळी जागा घेतली, नवी चक्की बसवली, तिला गहू कधीच दाखवला नाही. धंद्यातल्या लोकांनी वेड्यात काढलं. बाबा मात्र लगेच समजले. "उपवासाचं दळण वेगळं काढतोच ना आपण," एवढंच म्हणाले.

खरा त्रास धान्याचा निघाला. बाजारातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास, कारण बारदान तेच. किलोत पाच-सहा दाणे राहिले तरी पीठ बाद होऊ शकतं. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात मानाचं काम निवडणाऱ्या काकूंचं. सुपात पाखडून झालं की त्या ज्वारी काळ्या ताटात पसरतात, म्हणजे लांबट दाणा लगेच डोळ्यांत भरतो. पुढे दळणाच्या प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत जातो. भाव जास्त का म्हणून विचारणाऱ्यांना मी आधी ते ताट दाखवतो.

सुरुवातीला फक्त ज्वारीचं आणि तांदळाचं पीठ होतं. पण पोरांचं दुखणं भाकरीपाशी थांबत नाही. वर्गात वाढदिवसाचा केक येतो, सत्यनारायणाला रव्याचा शिरा असतो, वांग्याच्या भाजीसोबत रोडगे असतात. पाटवडी-रस्सा, गोळाभात, साबुदाणा वडा हे मुळातच बिनगव्हाचं, हे आयांना सांगितलं की चेहरे खुलतात. फक्त हिंगाची डबी वाचा म्हणतो. मिश्र, म्हणजे बांधानी हिंगात बरेचदा कणिक किंवा मैदा असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीही बंद, त्यात जव असतं.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांच्या हातावर बोजाऱ्यासोबत, म्हणजे त्या दिवशीच्या भेटीसोबत, हल्ली बिस्किटाचा पुडा पडतो. आम्ही राजगिऱ्याचा लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की यांची छोटी पाकिटं काढली. काही घरं आता सगळ्याच पोरांना तीच वाटतात. कुणाला "तुझं वेगळं" म्हणायची वेळ येत नाही. आमच्या सगळ्या मालात मला हे पाकीट जास्त आवडतं, नफा त्यात सगळ्यात कमी आहे तरी.

पुरणपोळी तांदूळ-ज्वारीच्या पिठात थोडा इसबगोल घालून जमली. लाटताना कडा फाटतात, पण ताटात शोभते. पाव अजून जमलेला नाही. सकाळी मऊ असतो, डबा उघडेपर्यंत त्याचा भुगा होतो.

नव्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, तपासणी झाली का? रक्ततपासणीच्या आधीच गहू सोडला तर आजार असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग पीठ. वजन उतरवायला येणाऱ्यांना मी सरळ जुन्या चक्कीवर पाठवतो. साधी ज्वारी दळून घ्या, पैसे वाचतील. आज्यांशी मात्र अजून वाद घालावा लागतो, "एका घासानं काय होतंय?" हे त्यांचं ठरलेलं.

आता अमरावती, वर्धा, चंद्रपूरला पार्सलं जातात. नव्या जागेवर दळण रोज सकाळी असतं. येताना गव्हाची पिशवी सोबत असेल तर ती बाहेर पायरीवर ठेवा, आत आणू नका.