अकरा मेलेल्या लिंका

माझ्या पीएचडीचा विषय खानदेशातल्या केळीचा व्यापार. चौथं प्रकरण सरांकडे दिलं आणि निवांत अमळनेरला घरी आलो. आठच दिवसांत जळगावला बोलावणं. मजकुरावर सरांची एकही खूण नव्हती, लाल पेन फिरलं होतं ते तळटिपांवर. एकूण ६३ तळटिपा, त्यातल्या बहुतेक म्हणजे नुसती चिकटवलेली लिंक.

"यातल्या अकरा उघडतच नाहीत. परीक्षकाला काय सांगशील, मी बघितलं तेव्हा उघडत होत्या?"

मी गप्प.

मग त्यांनी मोबाइलवर केळीच्या बाजारभावाचं पान उघडलं. माझ्या प्रबंधात मार्चमधला भाव, पानावर त्या दिवशीचा. पत्ता बरोबर, पण माझा आकडा कुठेच नाही. "आडत्याकडची हिशेबपट्टी तारखेशिवाय घेतात का रे तुझे वडील?" सर स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, त्यामुळे बोलणं बरोबर जागी लागतं.

संदर्भ लिहायला आम्हाला एपीए ही ठरलेली पद्धत, तिची सातवी आवृत्ती. तिच्यात प्रत्येक लिंकेपुढे 'कधी पाहिलं' लिहायची गरज नाही. जे पान सतत बदलतं, त्यालाच ती तारीख लागते. मी नेमकं उलटं केलं होतं. न बदलणाऱ्या पीडीएफांना तारखा आणि भावाच्या पानाला काहीच नाही.

मेलेल्या अकरा लिंका घेऊन बसलो. मे महिना, वरच्या खोलीतला पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. वेबॅक मशीन म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ. तिथे जुना पत्ता टाकला की त्या पानाच्या जतन झालेल्या प्रती तारखेनुसार दिसतात. सात सापडली. दोन पानं त्याच खात्याच्या नव्या संकेतस्थळावर वेगळ्या पत्त्यानं निघाली. उरलेल्या दोन टिपा वाक्यांसकट काढून टाकल्या. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं, पण आधारच नाही तर काय करणार.

भावाच्या पानांची मात्र वेबॅकमध्येही डाळ शिजली नाही. तिथे बाजार समिती आणि तारीख निवडावी लागते, आणि जतन झालेला असतो तो रिकामा फॉर्म. शेवटी लागणारा प्रत्येक दिवस पुन्हा काढला, पीडीएफ करून परिशिष्टात लावला, खाली पाहिल्याची तारीख टाकली.

सगळ्यात जास्त घाम गॅझेटियरनं काढला. १८८० चं खानदेश गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, मी इंटरनेट आर्काइव्हवर वाचलेला. मी लिंक दिली होती आणि पान क्रमांक टाकले होते पीडीएफच्या मोजणीतले. त्या मोजणीत मुखपृष्ठ, कोरी पानं, प्रस्तावना सगळं धरलेलं असतं. सर म्हणाले, "पुस्तक आहे ते, पुस्तकासारखंच दे. कागदावर छापलेला आकडा लिही." प्रत्येक टीप उघडून पानाच्या कोपऱ्यातला छापील आकडा बघायचा, यात दोन रात्री गेल्या. आई जिन्यावरून विचारायची, "आते काय व्हयनं रे?" तिला 'पान नंबर चुकले' एवढंच सांगितलं.

मराठी लिंकांची वेगळीच गंमत. एका मराठी संकेतस्थळावरच्या नोंदीची लिंक वर्डमध्ये चिकटवली तर 'केळ' वगैरे काही दिसेना, टक्क्याच्या चिन्हांची रांगच रांग. देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे नऊ अक्षरांचं होतं. क, त्यावरची मात्रा आणि ळ, म्हणजे 'केळ' या एवढ्याशा शब्दाची सत्तावीस! टीप तीन ओळी खायची. पत्त्यातला तो भाग मी देवनागरीत टाइप करून ठेवला आणि तो उघडतो याची खात्री करून घेतली.

शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरच्या प्रबंधांचं त्या मानानं सोपं. मी एकेका प्रकरणाच्या फाइलची लिंक दिली होती, त्याऐवजी पूर्ण प्रबंधाची, १०६०३ नं सुरू होणाऱ्या क्रमांकाची हँडल लिंक दिली. ती कायम राहावी म्हणूनच असते. नियतकालिकांतल्या लेखांना डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक, होता तिथे तोच.

एक गोष्ट सरांना मी आपण होऊन सांगितली. चार संदर्भ मी विकिपीडियाच्या तळटिपांतून उचलले होते, मूळ लेख न वाचता. सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त, "वाच मग आता," म्हटलं. तीन मिळाले. एकात विकिपीडियावर लिहिलं होतं तसं काही नव्हतंच.

आता संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरतो. एका बटणावर नोंद तयार होते, पण मराठी नावांत ते आडनाव कुठलं नि पहिलं नाव कुठलं याचा हमखास घोळ घालतं, तेव्हा प्रत्येक नोंद हातानं तपासतोच. चौथं प्रकरण जुलैत परत दिलं. या वेळी लाल खूण एकच होती, 'तळटिपा' या शब्दातल्या ऱ्हस्व-दीर्घावर.