मार्चमधले १३ दिवस

मंगळवार, पहाटे पावणेपाच

झोप मोडली ती परत लागली नाही. उद्या तीन महिन्यांची तपासणी. रक्त द्यायचं, अंडाशयाच्या कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात त्या सीए-१२५चा आकडा यायची वाट बघायची, मग डॉक्टरांच्या खोलीबाहेरची ती खुर्ची. चार वर्षं झाली तरी तपासणीच्या आधीची रात्र हलकी होत नाही. एरवी आठवडेच्या आठवडे जातात आणि कॅन्सर आठवतसुद्धा नाही. मग ही तारीख जवळ येते आणि पाठीत जरा चमक भरली तरी मन थेट तिथेच धावतं.

उठले आणि कपाटाच्या खालच्या खणातून ती वही काढली. चार वर्षांपूर्वीची. मी गेली पंचवीस वर्षं रोजनिशी लिहिते आहे. दिवसाच्या चार ओळी, कधी दोनच. ऑपरेशननंतर घरी पडून होते तेव्हा सहज म्हणून त्या वर्षीची पानं मागे उलटत गेले आणि अंगावर काटा आला. सगळं लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात.

१२ फेब्रुवारी : संध्याकाळी पोट तट्ट फुगलं. गॅस असावा.

३ मार्च : रात्री तीनदा लघवीला उठले. झोपताना पाणी कमी प्यायला हवं.

१९ मार्च : चार घासांतच पोट भरलं. हल्ली भूकच मेली आहे. उन्हाळा.

७ एप्रिल : कमरेचं हूक लागेना. हात मात्र बारीक दिसतात म्हणे.

२२ एप्रिल : ओटीपोटात दिवसभर जड. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, तरी पाळी यायच्या आधी वाटायचं तसं वाटतंय.

त्या दिवशी मी लाल पेन्सिल घेतली आणि पोटाबद्दल काहीतरी लिहिलेलं प्रत्येक पान खुणावत गेले. फेब्रुवारीत ६ दिवस. मार्चमध्ये १३. एप्रिलमध्ये १९. आणि जवळपास प्रत्येक नोंदीच्या शेपटीला मी एक कारण जोडून ठेवलेलं. गॅस, पाणी, उन्हाळा, वय. एकेकटं घेतलं तर प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. ती सगळी एकमेकांशेजारी ठेवून मी कधी वाचलीच नव्हती.

अंडाशयाच्या कॅन्सरला 'सायलेंट किलर' म्हणतात. कुठेही वाचलं की हेच विशेषण भेटतं. मला ते मान्य नाही. माझी वही माझ्या बाजूने साक्ष देते. आवाज होता. मोठा नव्हता, पण रोज होता.

सकाळी साडेदहा

नवऱ्याने चहा आणून ठेवला आणि वही बघून काही न बोलता खांद्यावर हात ठेवून गेला. त्याला ठाऊक आहे की तपासणीच्या आदल्या दिवशी मी हे करते.

लिहायला घेतलंच आहे, तर नीट लिहिते. आजवर ज्यांना ज्यांना तोंडी सांगितलं, त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी मला एकच वाक्य ऐकवलं : "माझी पॅप टेस्ट नॉर्मल आहे." मीही तेच म्हणत होते. पॅप टेस्ट गर्भाशयाच्या मुखाची असते. अंडाशयाबद्दल ती काहीही सांगत नाही. हे मला त्रेपन्नाव्या वर्षी, निदान झाल्यावर कळलं.

मग अंडाशयासाठी कोणती तपासणी? काही त्रास नसलेल्या, घरात कुणाला हा आजार नसलेल्या स्त्रीसाठी विश्वासाची अशी एकही नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन वर्षानुवर्षं अभ्यास झाला. सीए-१२५ची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी नियमित करत राहिलं तर मृत्यू कमी होतात का, हे त्यात पाहिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, आणि मृत्यूंमध्ये घट दिसली नाही. सीए-१२५ ही गोष्टच तशी आहे. ३५पर्यंत नॉर्मल धरतात, पण पाळी चालू असताना, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी असताना, एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) ती वाढते. उलट कॅन्सर अगदी सुरुवातीला असला तर कितीतरी जणींमध्ये वाढतच नाही.

म्हणजे आपल्या हातात राहतं ते शरीराकडे लक्ष देणं. चार गोष्टी आहेत : पोट फुगणं, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, आणि लघवीची घाई किंवा वारंवार जावं लागणं. यातलं काय कुणाला होत नाही? सगळ्यांनाच होतं. म्हणून मोजायचं. बार्बरा गॉफ या अमेरिकन डॉक्टरांनी रुग्ण स्त्रियांना विचारून विचारून या लक्षणांचा अभ्यास केला, आणि २००७ मध्ये त्यातून एक साधा निकष मांडला : लक्षण गेल्या वर्षभरातच सुरू झालेलं आणि महिन्यातून १२ पेक्षा जास्त दिवस होणारं. नवीन आणि वारंवार. हा निकष पूर्ण झाला म्हणजे कॅन्सर आहे असं अजिबात नाही, बहुतेकींना काहीतरी साधंच निघतं. पण तपासून घ्यायचं.

माझे मार्चमध्ये १३ होते. हा आकडा तेव्हा माझ्या वहीत होता, माझ्या डोक्यात नव्हता.

दुपारी

पहिल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली. दुसऱ्यांनी लघवीचं इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं. कल्चर, म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी, स्वच्छ आलं तरी कोर्स पूर्ण करा म्हणाले. कुणीही मला टेबलावर झोपवून पोटाला हात लावला नाही. याचा राग बराच काळ होता, आता तितका नाही. मीही त्यांना एका वेळी एकच गोष्ट सांगत होते. पोटाच्या डॉक्टरांना पोटाचं, लघवीच्या डॉक्टरांना लघवीचं.

तिसऱ्या बाईंनी झोपवलं. पोटावर बोटं ठेवून टकटक वाजवलं, कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा वाजवलं. मग विचारलं, "हे किती दिवसांपासून आहे?"

"पंधरा-वीस दिवस झाले असतील," मी म्हटलं.

खोटं बोलायचं नव्हतं. मला खरोखर तसंच वाटत होतं. वही घरी होती.

सोनोग्राफी त्याच दिवशी झाली. पोटात पाणी, डाव्या अंडाशयावर गाठ. सीटी स्कॅन. सीए-१२५ हजाराच्या वर. चार लिटर पाणी काढलं तेव्हा मी कित्येक दिवसांनी पूर्ण श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या सुखाने रडू आलं. टप्पा तिसरा. कॅन्सर अंडाशयाबाहेर पडून पोटाच्या आतल्या आवरणावर पसरला होता.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. अंडाशय जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचं, ओटीपोटात खोल. गाठ झाली तरी हाताला लागत नाही. आणि या प्रकारचा कॅन्सर पुष्कळदा मुळात अंडाशयात नाही, तर गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो, असं आता मानतात. ते टोक पोटाच्या पोकळीत उघडं असतं. तिथून पेशी सुटल्या की त्यांना अडवणारी भिंत नाही.

लवकर गेले असते तर पहिला टप्पा असता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. हा कॅन्सर वेगाने पसरतो आणि फेब्रुवारीतही तो कदाचित बाहेर पडलेला असेल. पण दोन महिने आधी गेले असते तर चार लिटर पाणी घेऊन, आठ किलो वजन गमावून उपचार सुरू करावे लागले नसते. शरीरात ताकद असताना केमो घेणं आणि नसताना घेणं यातला फरक वॉर्डातल्या प्रत्येकीला माहीत असतो.

तीन केमो, मग ऑपरेशन, मग आणखी तीन. ऑपरेशनमध्ये गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, नलिका आणि आतड्यांवर पडद्यासारखी पसरलेली चरबी, जिला ओमेंटम म्हणतात, सगळं काढलं. केस गेले त्याचं दुःख मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी झालं. भुवया गेल्या त्याचं जास्त. आरशातला चेहरा ओळखीचा राहिना.

दर तीन आठवड्यांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. पॅक्लिटॅक्सेलची बाटली तीन तास चालायची आणि आदल्या रात्रीच्या स्टिरॉइडमुळे डोळ्याला डोळा लागलेला नसायचा. अशाच एका तीन तासांत मी त्या औषधाची माहिती वाचली. 'यू' नावाच्या झाडाची साल, अमेरिकेतल्या जंगलातून १९६२ मध्ये गोळा केलेली. त्यातलं द्रव्य मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी वेगळं केलं, त्याची रचना १९७१ मध्ये जगापुढे मांडली. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर १९९२ मध्ये. वाणी हे नाव वाचून मी नवऱ्याला हलवून जागं केलं होतं. थेंब थेंब पडणाऱ्या त्या बाटलीमागे कुणाची तरी तीस वर्षं आहेत, हे कळल्यावर ती मला कमी परकी वाटली.

त्याच औषधाने बोटांची टोकं बधिर केली. पाचव्या केमोनंतरच्या नोंदी मला आज वाचता येत नाहीत. पेन हातात आहे हे डोळ्यांनी बघावं लागायचं. आता बरंच परत आलंय, पायाच्या अंगठ्यात मुंग्या राहिल्यात. त्या राहतील.

बुधवार, रात्री

सीए-१२५ : १४. वर काही नाही, खाली काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, "भेटू तीन महिन्यांनी." मी बाहेर येऊन तीन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले, मग घरी फोन केला.

आता जे मनात आहे ते. आत्या.

निदान झालं तेव्हा फॉर्मवर प्रश्न होता, घरात कुणाला कॅन्सर? मी 'नाही' लिहिलं. आईकडचं सगळं आठवून लिहिलं होतं. नंतर घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "आणि वडिलांकडे?" वडील तर म्हातारपणाने गेले, ठणठणीत होते. बाई म्हणाल्या, "वडिलांच्या बहिणी?" आणि माझ्या डोळ्यांपुढे आत्या उभी राहिली. सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. मी लहान होते. मोठी माणसं एवढंच म्हणायची, "पोटात पाणी झालं होतं." तो शब्द कुणी उच्चारला नाही. माझ्या पोटातून चार लिटर पाणी काढलं तेव्हाही मला आत्या आठवली नव्हती.

रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-१ या जनुकात बिघाड निघाला. हे जनुक नेमकं हाती लागलं १९९४ मध्ये, म्हणजे आत्याच्या वेळी कुणाला कळायची शक्यताच नव्हती. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर व्हायची शक्यता साधारण १ टक्का. हा बिघाड असेल तर ४० टक्क्यांच्या घरात किंवा त्याहूनही जास्त, आणि स्तनाच्या कॅन्सरची त्याहून मोठी. बिघाड वडिलांकडूनही येतो, ते स्वतः धडधाकट असले तरी. प्रत्येक मुलाकडे, मुलगी असो वा मुलगा, तो जायची शक्यता निम्मी.

बिघाड निघाल्यामुळे मला कॅन्सर परतू नये म्हणून देतात त्या ओलापॅरिबच्या गोळ्या मिळाल्या, दोन वर्षं, दिवसातून दोनदा. हिमोग्लोबिन घसरायचं, जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. पण मी आज इथे बसून लिहिते आहे त्यात त्या गोळ्यांचा वाटा आहे.

लेकीने तपासणी करून घेतली. तिच्यात नाही. मुलगा म्हणतो पुढच्या वर्षी. आणि धाकटी बहीण चार वर्षं विषय बदलते आहे. तिचं म्हणणं मला समजतं. "ताई, कळलं तर त्याचं ओझं घेऊन जगायचं. नाही कळलं तर निदान जगता तरी येतं." मी रागावले, समजावलं, एकदा रडलेही. मग बोलणं सोडून दिलं. तिचं शरीर, तिची भीती. पण ती आता शेहेचाळीस वर्षांची आहे आणि मला आत्याचं वय माहीत आहे.

मागच्या महिन्यात तिला काही न सांगता मी त्या वर्षीच्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या पानांचे फोटो काढून पाठवले. लाल खुणांसकट. खाली एक ओळ : 'मला जे दिसलं नाही ते तुला दिसतं का बघ.' दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

शुक्रवार, रात्री साडेनऊ

आज तिचा फोन. इकडचं तिकडचं बोलली, माझा आकडा विचारला, १४ ऐकून हसली. मग गप्प झाली.

"ताई, ती १९ मार्चची नोंद आहे ना, भुकेची. त्या दिवशी मी तुझ्याकडे जेवायला होते. तू पान सारलंस आणि मी तुला म्हटलं होतं, बरी बारीक झालीस."

मला आठवत नव्हतं. वहीत तिचं नाव नाही.

"तू काय करणार होतीस त्यात," मी म्हटलं.

"समुपदेशकांची वेळ घेतलीये. सोमवारी अकराला. तुझे रिपोर्ट लागतील म्हणाल्या." थोडं थांबून, "तू येशील ना सोबत?"

रिपोर्टांची फाईल काढून दाराजवळ ठेवली आहे.