अंडं ठेवलेली पेटी

दर दुसऱ्या शनिवारी सकाळी मी वेलिंग्टनमधल्या आमच्या घरामागच्या डोंगरात अकरा लाकडी पेट्या तपासायला जाते. पेटी हातभर लांब, तोंडाला जाळी, जाळीत मूठ जाईल एवढं भोक. आत 'डीओसी 200' नावाचा पोलादी सापळा आणि त्यामागे कोंबडीचं अंडं. स्प्रिंग इतकी जबर की ती चढवताना बोट सापडलं तर मोडेल. वेदना लांबू नयेत म्हणूनच ती तशी बनवली आहे.

पहिला स्टोट सापडला तेव्हा मी बराच वेळ पेटीशेजारी बसून राहिले. मुंगसासारखा लांबुडका, पण कितीतरी बारीक. पाठ तपकिरी, पोट पांढरं, शेपटीचा गोंडा काळा. फार देखणा जीव. आईला फोनवर सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "अगं, मारतेस कशी? जीवच ना तो?"

तिला उत्तर द्यायला मला काही महिने लागले.

न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. इथल्या पक्ष्यांना भीती होती ती आकाशातून येणाऱ्या शिकारी पक्ष्यांची, म्हणून धोका जाणवला की हालचाल न करता थिजून बसायचं ही त्यांची सवय. पण स्टोट वासावर शिकार शोधत येतो, त्याच्यापुढे ही सवय काय कामाची? शिवाय तो इथे आपणहून आलेला नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधी ससे आणले. सशांनी कुरणं फस्त केली, तेव्हा 1880 च्या दशकात त्यांच्यामागे स्टोट सोडले. पक्ष्यांचे जाणकार तेव्हाच विरोध करत होते, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

रिचर्ड हेन्रीची हकिकत मला इथे आल्यावर कळली आणि ती काही केल्या मनातून जात नाही. 1894 पासून या माणसाने वल्हवायच्या होडीतून शेकडो काकापो (न उडणारे मोठे पोपट) आणि किवी रेझोल्यूशन बेटावर नेऊन सोडले, तिथे तरी ते वाचतील म्हणून. 1900 मध्ये त्या बेटावर स्टोट दिसला. पोहत आला होता. एवढ्या वर्षांचे कष्ट वाया गेले.

राखण नसेल तिथे किवीच्या शंभर पिल्लांपैकी जेमतेम पाच मोठी होतात. किलोभर वजन झालं की किवी लाथा मारून स्टोटला परतवू शकतो. तोवरचे महिने काढणं हेच अवघड. इथे काका नावाचा पोपट आहे (आमच्या लेकीला या नावाची फार मजा वाटते). त्याची मादी झाडाच्या ढोलीत अंड्यांवर बसलेली असताना स्टोट आत शिरला, तर तिला बाहेर पडायला दुसरी वाट नसते.

हे सगळं सांगितल्यावर आई म्हणाली, "मग आपल्या बिबट्याचं काय?" मी म्हटलं, तिथे गोष्ट उलटी आहे. बिबट्या तिथलाच. शेळी बांधून पिंजरा लावायचा, 'बिबट्या जेरबंद' अशी बातमी यायची आणि त्याला दूरच्या जंगलात सोडायचं, हे जुन्नर भागात कितीतरी वेळा झालं. अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की, सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले उलट वाढले होते. म्हणजे तिथे सापळा न लावणं शहाणपणाचं आणि इथे लावणं. आईला हे पटलं की नाही, माहीत नाही. तिने विषय बदलला.

पॉसमचंच बघा, झाडांवर राहणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी. ऑस्ट्रेलियात त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि समुद्र ओलांडून इथे आणला गेलेला तोच प्राणी उपद्रवी ठरतो. बाहेरून आलेले शिकारी प्राणी 2050 पर्यंत देशातून नाहीसे करायची 'प्रीडेटर फ्री 2050' ही सरकारी मोहीम 2016 मध्ये जाहीर झाली, तिच्या यादीत उंदीर आणि स्टोटबरोबर पॉसमही आहे. पण किओरे हा छोटा उंदीर इथल्या मूळ रहिवाशांपैकी काही माओरी जमातींना पूर्वजांबरोबर होडीतून आलेला ठेवा वाटतो. यादी एकच, पण तिच्याकडे बघणाऱ्यांचे डोळे वेगवेगळे.

मला एक गोष्ट मात्र अजिबात पटत नाही. शाळांना निधी मिळावा म्हणून इथे पॉसम मारण्याच्या स्पर्धा होतात, मुलं मेलेल्या जनावरांभोवती हसतखेळत उभी असतात. चूक आणणाऱ्यांची होती, प्राण्याची नव्हे. मारावं लागतं म्हणून त्याचा द्वेष करायला मुलांना का शिकवायचं? आमच्या गटातल्या एक आजी पेटीतला प्राणी काढताना दर वेळी हलक्या आवाजात "सॉरी" म्हणतात. मी त्यांच्याकडूनच शिकले.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये वेलिंग्टनच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर किवी पुन्हा सोडले गेले. त्याआधी तिथे हजारो सापळे लावले होते, आणि ते तपासणाऱ्यांत माझ्यासारखी, सुट्टीच्या दिवशी चिखल तुडवणारी माणसंही होती.

गेल्या शनिवारी सातव्या पेटीत मादी होती. स्टोटच्या माद्या बिळात डोळे उघडायच्या आधीच गाभण होतात, त्यामुळे तीही असणारच. मी हातमोजे घालून तिला बाहेर काढलं, नेच्यांखाली पुरलं, अ‍ॅपमध्ये नोंद केली, नवीन अंडं ठेवलं. वर कुठेतरी काका कर्कश ओरडत होता. मी म्हटलं, "सॉरी", आणि स्प्रिंग पुन्हा चढवली.