अ-म-र : धातू तीन अक्षरांचा, हाती लागतं एकच

हिब्रू आणि तिची जवळची नातलग भाषा अरामी, दोन्हींत ‘म्हणणं’ एकाच धातूतून येतं; त्याची अक्षरं आलेफ (अ), मेम (म), रेश (र). कोशात तो लगेच सापडतो. मजकुरात शोधताना मात्र दमछाक होते, कारण कडेची दोन्ही अक्षरं भरवशाची नाहीत.

हिब्रूत घोळ आलेफचा. ‘आमर’ म्हणजे तो म्हणाला, इथवर ठीक. ‘योमर’ म्हणजे तो म्हणेल. इथे आलेफ लिहितात, उच्चारत नाहीत. ‘मी म्हणेन’ला हिशोबाने दोन आलेफ हवेत, एक पुरुषाचा आणि एक धातूचा; लिहितात एकच. ‘खायला’साठीच्या ‘लेएखोल’मध्ये आलेफ ऐकू येतो, ‘लेमोर’मध्ये तोही गडप. बायबलमधला हा ‘लेमोर’ आपल्या ‘असं म्हणून’चं काम करतो, फक्त बोलणं संपल्यावर नाही, सुरू होण्याआधी येतो. भाषांतरात बहुतेकदा नुसता अपूर्णविराम पुरतो.

आजच्या बोली हिब्रूत तर हे क्रियापद अर्ध्यावरच हात टेकतं. भूतकाळ ‘आमर’, वर्तमान ‘ओमेर’; पण भविष्यकाळ आणि आज्ञार्थ ‘हिगीद’ या दुसऱ्याच क्रियापदाकडून उसने: ‘यागीद’, ‘तागीद’. ‘योमर’ चुकीचं नाही, पण गप्पांत पुस्तकी वाटतं.

बायबलमधल्या अरामीत, म्हणजे मुख्यतः दानिएल २:४ ते ७:२८ आणि एज्राच्या काही भागांत, सापळा स्वरांचा आहे. पहिला स्वर दीर्घ असलेलं ‘आमर’ हिब्रूत भूतकाळ. अरामीत तेच रूप धातुसाधित, ‘म्हणत’. अरामी भूतकाळाचा पहिला स्वर अतिऱ्हस्व असतो. ‘अने … वआमर’ ही जोडी शब्दशः ‘उत्तर देऊन म्हणतो’ अशी. पण दानिएल २:२० मध्ये कुणी काही विचारलेलंच नाही, तरी ती येते. ‘बोलू लागला’ एवढंच करावं.

खरी परीक्षा बाबिली तालमूदची, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथाची. तिथे ‘लेमा’ (तो म्हणेल, म्हणो) लिहितात लामेद, योद, मेम, आलेफ. लामेद (ल) पाहून नवखा हिब्रूच्या ‘लेएखोल’, ‘लेमोर’च्या सवयीने ‘म्हणायला’ असं वाचतो, पण तो इथे तृतीय पुरुषाचा उपसर्ग आहे. शेवटचा आलेफ धातूचा नव्हे, नुसता स्वरदर्शक. रेश झडलेला. मूळ धातूतला मेम तेवढा उरला. ‘नेमा’ (आपण म्हणू) आणि ‘तेमा’ (तू म्हणशील) हेही त्याच वाटेचे. म्हणून असं रूप दिसलं की आधी मेम धरावा, रेश मनात जोडावा, मग कोश उघडावा.