तुम्ही विचारलंत म्हणून: "खरा अ‍ॅम्प का घेत नाही?"

"एवढ्याशा डब्यातून कसला आवाज येतोय? खरा अ‍ॅम्प घ्या की!" माझा छोटा डिजिटल मॉडेलिंग गिटार अ‍ॅम्प बघून बेळगावच्या शहापूरपासून खानापूरपर्यंत जो तो हेच विचारतो. म्हणून एकदाच नीट लिहितो.

वडगाव, खासबागेत भिंतीला भिंत लागलेली घरं. गिटार हातात येते ती माग थांबल्यावर, रात्री. 15 वॉटच्या ट्यूब (म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हच्या) अ‍ॅम्पचा आवाज खुलतो तो पॉवर ट्यूबवर ताण आल्यावर, आणि तिथवर नेला तर गल्ली उठते. व्हॉल्यूम एकवरच ठेवायचा तर तो घ्यायचा कशाला? मॉडेलिंग अ‍ॅम्प तोच ताण गणिताने उभा करतो, त्यामुळे बोलण्याइतक्या आवाजातही डिस्टॉर्शन (रॉक गिटारचा खरखरीत, फाटका आवाज) भरीव लागतं. यावर मी ठाम आहे.

मला राग येतो तो मंडपातल्या एका प्रसंगाचा. एका मुलाने घरी हेडफोनवर घासून बसवलेला सोलो. गणपतीच्या कार्यक्रमात साउंडवाल्याने छोट्या अ‍ॅम्पच्या हेडफोन जॅकमधून स्टीरिओ केबल काढली आणि मिक्सरच्या एकाच लाइन इनपुटला लावली. सोलो सुरू झाला आणि गिटार गायब! मागे नुसता रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा प्रतिध्वनी) घोंगावतोय. मुलगा व्हॉल्यूम वाढवतोय, तसा रिव्हर्बच वाढतोय. "डिजिटल म्हणजे असंच," सगळे म्हणाले. मुलाने महिनाभर गिटारला हात लावला नाही.

दोष केबलचा होता. मिक्सरचं ते इनपुट बॅलन्स्ड असतं. ते पिनच्या टिपवर (टोकावर) आलेल्या आवाजातून रिंगवरचा (मधल्या कड्यावरचा) आवाज वजा करतं. स्टीरिओ केबलमध्ये टिपवर डावा आवाज येतो, रिंगवर उजवा. हेडफोनमध्ये मूळ गिटार डावीकडे-उजवीकडे सारखीच, म्हणून वजाबाकीत शून्य. रिव्हर्ब दोन्हीकडे वेगळा, म्हणून तेवढाच उरतो. एका टोकाला स्टीरिओ, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना अशी वाय केबल घ्या. डावी पिन एका चॅनेलला लावा, उजवी मोकळी सोडली तरी चालते. कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या स्पीकर-पेटीच्या आवाजाची नक्कल, चालू हवं. तीच पिन दुसऱ्या गिटार अ‍ॅम्पच्या इनपुटला जात असेल तर मात्र ते बंद करा, नाहीतर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो.

घरचा पॅचही (साठवलेली सेटिंग) तसाच नेऊ नका. हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात (फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं), म्हणून आपण तेच चढवतो आणि मिड (मधले सूर) पाडतो. मंडपात तो बास किक ड्रमखाली (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमखाली) जातो. गेन (डिस्टॉर्शनचा जोर) तिसऱ्या हिश्श्याने उतरवा, मिड सहावर न्या, 100 हर्ट्झखालचं कापा, रिव्हर्ब निम्मा करा.

ब्लूटूथवरून बॅकिंग ट्रॅक खुशाल लावा. साधा ब्लूटूथ हेडफोन नको. नोट उशिरा ऐकू येते आणि ताल बिघडतो. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अडॅप्टर भुणभुणत असेल तर बॅटरीवर वाजवा.

ट्यूबचा हट्ट पूर्वी मीही धरायचो, आणि त्यातला एक मुद्दा मला अजून खोडता येत नाही. मोठ्या आवाजात 12 इंची स्पीकरची हवा तारांना लागते आणि धरलेली नोट आपोआप फुलते. यामाहा टीएचआर 10 या मॉडेलिंग अ‍ॅम्पचे दोन छोटे स्पीकर ते करत नाहीत. बॉस कटाना 50 या दुसऱ्या मॉडेलिंग अ‍ॅम्पमध्ये 12 इंची स्पीकर आहे आणि तो अर्ध्या वॉटवर उतरवता येतो, हे मी सांगतो खरं. पण अर्ध्या वॉटवर त्याचीही नोट तशी फुलत नाही.