बारदान्याच्या खोलीतली खुर्ची

लक्ष्मीपूजनाला आमच्या आडत दुकानात अजून वह्या पुजतात. हिशेब सगळा कॉम्प्युटरवर गेला, तरी मालक एक कीर्द आणि एक खतावणी आणतातच. लाल कापडाची बांधणी, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, वर 'श्री'. गेल्या दिवाळीत मी त्या दोन वह्यांखाली आपली एक वही सरकवली, कार्ट्रिज कागदाची. मालकांनी पाहिलं, काही विचारलं नाही, तिच्याही पहिल्या पानावर स्वस्तिक काढलं. ते पान मी तसंच ठेवलंय. चित्रं दुसऱ्या पानापासून सुरू होतात.

ठरवलं होतं ते एवढंच. दर रविवारी एका मित्राला समोर बसवायचं आणि त्याचा चेहरा काढायचा. फोटोवरून काढायचा नाही. वेळ एक तास. दिवाळी ते दिवाळी, ५२ चित्रं.

मी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मुनीम आहे, २१ वर्षं झाली. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्राला तांब्या, वांगी आणि मागे पडदा. स्मरणचित्राला मी आठवडी बाजार काढला होता. त्या बाजारात वीसेक माणसं होती आणि एकालाही चेहरा नव्हता. सर म्हणाले, लांबची माणसं आहेत, डोक्याला गोल पुरे. मार्क चांगले पडले, पण ते रिकामे गोल माझ्या मनातून कधी गेले नाहीत.

मित्रांची यादी करायला मी एका पट्टीची कोरी बाजू घेतली. शेतकऱ्याच्या मालाचं वजन, भाव, हमाली, तोलाई लिहून आम्ही जी देतो ती पट्टी. फोनमध्ये सहाशेच्या वर नंबर आहेत. त्यातली ज्यांना 'रविवारी एक तास माझ्यासमोर गप बस' असं सांगता येईल, अशी नावं १७ निघाली. तिघं बाहेर, पुण्याला आणि दुबईला. तिघांनी नको म्हटलं. एकाच्या आईने तर मलाच फोन लावला, "जित्या माणसाचं चित्र कामून काढू लालास बाबा?" तिचं काही चूक नाही. आमच्याकडे भिंतीवर माणसाचा मोठा फोटो लागतो तो हार घालायलाच.

राहिले ११. अकरा माणसं आणि ५२ रविवार. त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं. चाळिशी उलटलेल्या, याच गावात जन्म काढलेल्या माणसाकडे एवढीच माणसं असावीत? नवीन ओळखी करून यादी वाढवावी असंही मनात आलं. मग ठरवलं की हीच माणसं परत परत काढायची. हा निर्णय नाइलाजाने घेतला होता, पण आज विचाराल तर या सगळ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच झाली.

दुकानाच्या माडीवर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, ठेवायची खोली आहे. उत्तरेला एक खिडकी. रविवारी मोंढा बंद असतो, किल्ली माझ्याकडे असते. खिडकीच्या डावीकडे लोखंडी खुर्ची ठेवायची, म्हणजे उजेड चेहऱ्याच्या एका अंगावर पडतो आणि दुसरं अंग सावलीत जातं. गोणपाटाचा वास येतो, सोयाबीनची धूळ कागदावर बसते, ती फुंकत फुंकत काढायचं. एक २बी, एक ४बी आणि खोडरबर. दुसरं काही लागत नाही.

पहिला बसला आप्पा. आमच्या दुकानावरचा हमाल, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. दोन्ही हात गुडघ्यावर, मान ताठ, डोळे वटारलेले, आधार कार्डाच्या फोटोला बसतात तसा. मी मोबाईलवर बघून शिकलेले सगळे नियम लावले. डोळे कपाळावर घ्यायचे नाहीत, टाळू आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर येतात. कान वर भुवईच्या आणि खाली नाकाच्या टोकाच्या रेषेत. चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी. पेन्सिल हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा आणि मापं घ्यायची. मापं बरोबर आली. चित्र एका माणसाचं झालं, पण तो आप्पा नव्हता. त्याने बघून "झकास" म्हटलं. मला माहीत होतं की तो मला बरं वाटावं म्हणून म्हणतोय.

दुसऱ्यांदा तो बसला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो ताठ बसतो तेव्हा त्याला त्रास होतो. तीस वर्षं उजव्या खांद्यावर पोती वाहिलेली मान डावीकडे कललेली आहे, आणि तो ती माझ्यासाठी ओढून सरळ धरत होता. तिसऱ्यांदा मी सांगितलं, आप्पा, थप्पीला टेकून बसता तसं बसा. बसला. बहिणीच्या वाटणीच्या जमिनीबद्दल बोलत राहिला. मी चेहऱ्याकडे फारसं बघितलंच नाही. कानामागून खांद्यापर्यंत उतरणारी शीर, खांद्यावरचं घट्ट उशीसारखं मांस आणि त्याच्या कडेची सावली, एवढंच तासभर करत होतो. चेहरा शेवटच्या दहा मिनिटांत चार रेघांत आला. खाली दुकानातल्या कोणी ते चित्र बघितलं असतं तरी नाव सांगितलं असतं. चौथं तर मी पाठमोरंच काढलं.

सगळे असे सापडत गेले असं नाही. टेम्पो चालवणारा माझा एक दोस्त आहे, त्याला आम्ही भाई म्हणतो. त्याची दाढी मला अजून जमलेली नाही. केस मोजायला गेलं की ब्रश होतो. रमजानमध्ये तो एकदा संध्याकाळी, रोजा सोडायच्या तासभर आधी येऊन बसला. त्या वेळचा त्याचा चेहरा, ओठ कोरडे, डोळे अगदी निवांत, तो मी कागदावर आणू शकलो नाही. पुढच्या रमजानपर्यंत थांबायला लागेल. शाळेतली एक मैत्रीण आता नर्स आहे. ती मुलीला घेऊन येते, माझी बायकोही येते, दोघी बोलत बसतात आणि मी काढतो. तिच्या चष्म्याच्या काचेत खिडकी दिसते. ती खिडकी तेवढी पांढरी सोडली की ती आली.

डिसेंबरात पोरांना अजिंठ्याला नेलं. शाळेच्या सहलीत बघितलं होतं, पण तेव्हा धावत. या वेळी पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभा राहिलो. त्याची भुवई एका दमात ओढलेली रेघ आहे. ती ओढणाऱ्याने त्याआधी किती भुवया काढल्या असतील, हेच मनात घोळत राहिलं. घरी येऊन वाचलं. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून ही चित्रं कॅनव्हासवर उतरवायला घेतली, कित्येक वर्षं त्यात घातली. चित्रं लंडनला गेली आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. मग १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि त्याच भिंतींसमोर बसून तेच चेहरे पुन्हा काढले. १८८५ मध्ये लंडनलाच पुन्हा आग लागली आणि त्यातलीही पुष्कळ गेली. मला त्या विद्यार्थ्यांबद्दल आतून काही वाटतं. त्यांचे कॅनव्हास जळाले, पण त्या अंधारात एकेका चेहऱ्यासमोर घालवलेले दिवस तर त्यांच्या हातात राहिलेच असणार.

आता मास्तरबद्दल.

मास्तर माझ्या वर्गातला, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. मिशी जाड, केस दाट, बोलायचं थांबत नाही. त्याचं पहिलं चित्र मी तोंड उघडं असतानाच काढलं, मिटायची वाट बघून उपयोग नव्हता. तुरीचा हंगाम ऐन जोरात असताना त्याचे वडील गेले. दहाव्याला त्याने डोकं आणि मिशी उतरवली. तेरवी झाल्यावरच्या रविवारी तो न सांगता माडीवर आला आणि खुर्चीत बसला. मी वही उघडली. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही.

त्याला मी चौथीपासून ओळखतो आणि त्याच्या डोक्याचा आकार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मागे टोकदार, कानाच्या वर दोन्हीकडे खोलगट. मिशीखालचा वरचा ओठ लांब आणि पातळ. मी काढत गेलो आणि कागदावर काका, म्हणजे त्याचे वडील, येऊ लागले. काढताना माझा हात थांबला. त्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, बस.

महिनाभराने तो एक पाकीट घेऊन आला. तेरवीसाठी स्टुडिओतून मोठा करून आणलेला फोटो आईला पटेना. त्यांनी मूळ फोटो साफ केला, मागे निळा पडदा टाकला आणि काकांना कोट घातला होता. काकांनी जन्मभर धोतर आणि टोपी सोडून काही अंगाला लावलं नाही. "तू काढ," तो म्हणाला. पाकिटात आधार कार्डाची प्रत, आणि एका लग्नातला फोटो, त्यात काका अर्धे फेट्याआड.

फोटोवरून नाही, हा माझा नियम. पण इथे नियम कुठला सांगायचा? बसलो. तीन वेळा फाडलं. अडचण कारागिरीची होती. आधारच्या फोटोत उजेड सरळ तोंडावर असतो, सावली मरून जाते. भुवईखाली, नाकाच्या कडेला, खालच्या ओठाखाली जी सावली पडते तिनेच तर चेहऱ्याला उंच-सखलपणा येतो. ती नसली तर डोळे-नाक-तोंड कागदावर चिकटवल्यासारखे राहतात, हाडं कुठे आहेत तेच कळत नाही.

हाडं माझ्याकडे होती. मी मास्तरच्या त्या डोकं उतरवलेल्या दिवसाचं चित्र उघडलं, आणि त्यालाही बोलावून त्याच खुर्चीत, त्याच उजेडात बसवलं. एव्हाना बोटभर केस आले होते. डोक्याची ठेवण, गालाचं हाड, कान, वरचा ओठ मी लेकावरून घेतला. डोळ्यांच्या सुरकुत्या आधार कार्डावरून. आणि एक गोष्ट मला पाठ होती. काका टोपी काढून घाम पुसायचे तेव्हा कपाळावर एक सरळ रेघ दिसायची, तिच्या खाली उन्हाने रापलेलं आणि वर गोरं. तेवढा भाग मी कागद तसाच ठेवून सोडला. टोपी डोक्यावर न देता खांद्याजवळ, हातात दिली. तीन रविवार लागले.

काकू अंगणात तुरीची डाळ निवडत होत्या. चित्र हातात घेतलं, लांब धरलं, पदराने डोळे पुसून परत धरलं. मी डोळ्यांबद्दल काही म्हणतील म्हणून वाट बघत होतो, कारण डोळ्यांची मला खात्री नव्हती. त्यांनी बोट कानापाशी नेलं, कागदाला लावलं नाही.

"याच्या आज्याचाबी कान असाच होता," त्या म्हणाल्या.

आज्याला मी कधी पाहिलं नाही. त्यांचा एकही फोटो त्या घरात नाही.

कोटातला फोटो आता आतल्या खोलीत आहे आणि पेन्सिलीचं चित्र ओसरीत लावलंय. मास्तरच्या डोक्यावर केस पूर्ण आलेत. मिशी त्याने अजून ठेवलेली नाही, आणि ठेवू नकोस असं मी त्याला सांगणारही नाही. आजवर ३६ झाली. तुरीच्या गर्दीत दोन रविवार बुडाले होते, ते सध्या मोंढ्यात आवक थंड आहे तेव्हा गुरुवारी दुपारी भरून काढतोय. या रविवारी आप्पा, पाचव्यांदा. पाऊस लागला की माडीवर उजेड कमी पडतो, म्हणून त्याला सकाळी नऊलाच यायला सांगितलंय.